रोजकीर्द, खतावणी आणि फोनमधल्या नोट्स

आजच्या भागात लढाया नाहीत, तह नाहीत, राज्याभिषेक नाही. आज एका घरगुती प्रश्नाचा इतिहास: लिहून ठेवलेलं वेळेवर सापडत का नाही?

ऐकता ऐकता फोनमधलं नोट्सचं ॲप उघडा. वायफायचा पासवर्ड, गॅसचा ग्राहक क्रमांक, किराण्याची यादी, कुणीतरी सुचवलेल्या सिनेमाचं नाव, अर्धवट सोडलेली एक कविता आणि 'नवीन' नावाच्या सहा नोट्स. लिहिताना आपण सुचेल त्या क्रमानं लिहितो. शोधताना मात्र विषयानं शोधतो. या दोन गोष्टींमधल्या फटीवर माणसं कित्येक शतकं डोकं खपवत आली आहेत.

आपल्याकडच्या पेढ्यांवर याचं उत्तर होतं दोन वह्यांचं. पहिली रोजकीर्द. त्यात दिवसभराचे व्यवहार घडतील तसे, तारखेनं. दुसरी खतावणी. रोजकीर्दीतली नोंद उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडायची, म्हणजे 'खतवायची'. एकीत विचारायचं, 'त्या दिवशी काय झालं?' आणि दुसरीत विचारायचं, 'या माणसाचं काय येणं आहे?' मी दिवसभर डेटाबेससोबत काम करतो, तिथेही नेमकं हेच चालतं: आधी लॉग, मग इंडेक्स. कॉलेजात हे शिकवताना कुणी खतावणीचं नाव घेतलं असतं तर अर्धा तास वाचला असता.

(जाता जाता: पाठीवरचं 'दप्तर' मूळचं फारसी, अर्थ नोंदवही किंवा कागदपत्रं. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांच्या गठ्ठ्यांना आजही 'रुमाल' म्हणतात, कारण ते कापडात बांधून ठेवायचे. फोल्डर म्हणजे आमचा रुमालच की!)

आता युरोपात जाऊ. तिथल्या शिकलेल्या लोकांना वाचलेलं वहीत उतरवायची सवय होती. पण वही बांधलेली असते, मधे पान घुसवता येत नाही. 'मित्र' या विषयाला चार पानं सोडली आणि ती भरली की पुढे काय? जॉन लॉक, तोच राज्यशास्त्राच्या पुस्तकातला, त्यानं यावर एक युक्ती काढली आणि १६८६ मध्ये ती फ्रेंचमध्ये छापून आली. इंग्रजीत ती आली १७०६ ला, त्याच्या मृत्यूनंतर. युक्ती अशी: पानं आधी वाटून ठेवायचीच नाहीत. वहीच्या सुरुवातीला फक्त एक तक्ता करायचा. विषयाच्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतर येणारा पहिला स्वर, या दोघांचं एक घर. २० अक्षरं गुणिले ५ स्वर, झाली १०० घरं. नोंद पुढच्या रिकाम्या पानावर करायची आणि पानाचा नंबर त्या घरात टाकायचा.

ज्यांनी कॉम्प्युटर सायन्स केलंय ते आता हसत असतील. हे सरळ सरळ हॅशिंग आहे! मला यातली गंमत वेगळीच वाटते. लॉकला 'पहिलं अक्षर अधिक पहिला स्वर' असं वेगळं सांगावं लागलं. आपल्या लिपीत ते आयतंच मिळतं. 'लाईट बिल' म्हणजे 'ला', 'विमा' म्हणजे 'वि'. बाराखडीचा तक्ता मांडला की चारशेच्या वर घरं तयार.

वही सोडून सुट्या चिठ्ठ्यांकडे जाण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. कोनराड गेसनर या स्विस विद्वानानं १५४८ मध्येच सांगून ठेवलं होतं की कागदाच्या एकाच बाजूला लिहा, नोंदी कात्रीनं कापा आणि हव्या तशा लावा. कट-पेस्ट, शब्दशः. आणि या पद्धतीचा थक्क करणारा नमुना बघायला स्वित्झर्लंडला जायची गरज नाही, येरवड्याचं डेक्कन कॉलेज पुरे. प्रा. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये तिथे संस्कृतच्या महाकोशाचं काम सुरू केलं. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ घेतले आणि एकेक शब्द त्याच्या संदर्भासकट चिठ्ठीवर उतरवला. फक्त चिठ्ठ्या करायलाच जवळपास २५ वर्षं गेली. संख्या? सुमारे एक कोटी. पहिला खंड निघाला १९७६ ला, आणि पुढे तीसहून जास्त खंड निघाले तरी गाडी 'अ'वरच होती. लोक यावर विनोद करतात. मला तो विनोद पटत नाही. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेली चिठ्ठी आज दुसऱ्याच माणसाला सापडते आणि कळते. माझीच दोन वर्षांपूर्वीची नोट मला कळत नाही.

यंत्राचं स्वप्न पुढे आलं ते जुलै १९४५ मध्ये. व्हॅनेव्हर बुश या अमेरिकन इंजिनियरनं 'ॲटलांटिक' मासिकात 'मेमेक्स' नावाच्या टेबलाची कल्पना मांडली: आत मायक्रोफिल्म, वर पडदे आणि एका नोंदीवरून दुसरीकडे जाणाऱ्या वाटा. ते टेबल कधी बनलं नाही, पण आजच्या ॲपमधली प्रत्येक लिंक त्याच्याच घराण्यातली. २००८ मध्ये एव्हरनोट सगळ्यांसाठी खुलं झालं. शंभर वर्षं टिकणारी कंपनी उभी करायची अशी भाषा तिचे प्रमुख करायचे. २०२२ च्या शेवटी ती एका इटालियन कंपनीनं घ्यायचं ठरलं आणि २०२३ च्या डिसेंबरात फुकट वापरणाऱ्यांना ५० नोट्सची मर्यादा आली. स्प्रिंगपॅड नावाचं तसलंच दुसरं ॲप तर २०१४ लाच बंद पडलं होतं.

पण ॲप बंद पडणं ही माझी मुख्य काळजी नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या काकांना रात्री दोनला ॲडमिट करावं लागलं. काका भलतेच शिस्तीचे, सगळं फोनमध्ये नीट लावलेलं: पॉलिसीचा नंबर, गोळ्यांची नावं, कशाची ॲलर्जी. फोन लॉक, काका बेशुद्ध. काऊंटरवर काकूंना एकामागून एक प्रश्न विचारत होते. शेवटी चुलतभावानं घरून काकूंची जुनी डायरी आणली. त्यात दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी काकांच्या गोळ्यांची नावं लिहिलेली होती. काका आता बरे आहेत, रोज चालायला जातात.

रोजकीर्द मालकाची असली तरी ती मुनीम वाचू शकायचा, मुलगा वाचू शकायचा. कुलूप असायचं, पण किल्ली घरात असायची. फोननं शोधणं सोपं केलं, अगदी लॉकला हेवा वाटावा इतकं. पण शोधणारा एकच ठरवून टाकला: ज्याचं बोट त्याचा फोन.

मी सध्या इतकंच केलंय. रोजची नोट तारखेनं, ती माझी रोजकीर्द. रविवारी त्यातलं टिकाऊ तेवढं चार नोट्समध्ये खतवतो: घर, पैसे, तब्येत, कागदपत्रं. दर तीन महिन्यांनी सगळ्याची साधी टेक्स्ट फाईल काढतो, जी कुठल्याही ॲपशिवाय उघडते. आणि 'तब्येत'वाली नोट आईच्या फोनवर शेअर केली आहे, शिवाय एक प्रिंट फ्रिजच्या दारावर. आईनं त्यावर पेननं गॅसवाल्याचा नंबर लिहून ठेवलाय.

पुढच्या भागात मोडी लिपी. तोवर भेटूच!