पंगत आणि वर्गणी

शाळांच्या इतिहासाचा विचार करताना आपण बहुधा अभ्यासक्रम, परीक्षा आणि इमारती यांचाच विचार करतो. शाळेच्या पंगतीचा, सहलीचा आणि स्नेहसंमेलनाचा इतिहास कोणी फारसा लिहीत नाही. तथापि शाळा कोणाला आपली वाटली आणि कोणाला परकी वाटली, याचा निर्णय वर्गापेक्षा अशा प्रसंगीच अधिक स्पष्टपणे होतो, असे आम्हांस वाटते. वर्गात बसण्याचा हक्क कायद्याने मिळू शकतो. परंतु चार मुलांबरोबर बसून जेवण्याचा आणि आनंद करण्याचा हक्क समारंभाच्या अटींवर अवलंबून असतो. त्या अटी कशा बदलल्या, हे कोल्हापूर आणि सातारा या दोन गावांच्या इतिहासात चांगले पाहावयास मिळते.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1896 साली विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, ते सर्व जातींसाठी म्हणून. दार उघडे होते. पण प्रत्यक्षात तेथे ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच प्राबल्य राहिले. यातून महाराजांनी जो धडा घेतला, तो मोठा मोलाचा आहे. ‘सर्वांना मुभा आहे’ एवढे म्हटल्याने सर्व येत नाहीत. ज्यांच्या घरी शिक्षणाची परंपरा आहे, ज्यांना शहरातील रीतिरिवाज ठाऊक आहेत, तेच आधी येतात आणि मग ती जागा त्यांचीच होऊन बसते. म्हणून 1901 साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच साली जैन बोर्डिंग निघाले, आणि पुढे मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली.

या मार्गाने शेकडो मुलांना शहरात निवारा मिळाला, हे निर्विवाद आहे. परंतु त्याची एक मर्यादाही होती. प्रत्येक समाजाला स्वतःची पंगत मिळाली. सर्वांची मिळून एक पंगत झाली नाही. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी 1908 साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या उद्घाटनाला जैन बोर्डिंगमधील एक विद्यार्थी हजर राहिला. परत आल्यावर त्याला स्नान करण्यास सांगण्यात आले. त्याने ते नाकारले, आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. दुसऱ्यांच्या समारंभास जाणे हाच अपराध ठरावा, यावरून त्या काळच्या शालेय जीवनातील कुंपणे किती उंच होती याची कल्पना येते.

आता साताऱ्याकडे वळू. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकर यांचे नाव तेथील सरकारी हायस्कुलात दाखल झाले. साताऱ्यातील बालपणाविषयी त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. बसण्यासाठी वेगळे तरटाचे बसकण, तेही रोज घरी न्यावयाचे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतल्याखेरीज इलाज नाही. त्यांच्या घरी धोब्याला देण्याइतके पैसे होते, परंतु धोबीच त्यांचे कपडे धूत नसे, हेही त्यांनी नमूद केले आहे. म्हणजे गाठीला पैसा असूनही दार बंद असू शकते. आणि जेथे जातीचे दार किलकिले झाले, तेथे गाठीला पैसा नाही म्हणून मूल मागे फिरते. ही दोन्ही कुलुपे एकाच किल्लीने उघडत नाहीत.

भाऊरावांनी 1919 साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 1924 साली साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस सुरू केले. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचा नामकरण समारंभ झाला. येथे मराठा, महार, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एका छपराखाली राहत आणि एका पंगतीत जेवत. लक्ष्मीबाईंनी आपले दागिने विकून, शेवटी मंगळसूत्रही मोडून, ही मुले जेवू घातली. हा त्याग थोर खराच. परंतु बोर्डिंग केवळ त्यागावर चालले असते तर मुले आश्रित झाली असती. भाऊरावांनी पंगतीत बसण्याची अटच बदलली. गावोगावच्या घरांतून मूठ मूठ धान्य गोळा होई, आणि मुले स्वतः श्रम करून आपल्या शिक्षणाचा भार उचलीत. मूठभर धान्य बहुतेक घरांत असते आणि दोन हात प्रत्येक मुलापाशी असतात. ज्या नाण्यात वर्गणी भरावयाची, ते नाणे सर्वांजवळ असेल अशी ही योजना होती. म्हणून त्या पंगतीत दाताही नव्हता आणि याचकही नव्हता.

आज शाळेत वेगळे तरट अंथरले जात नाही. अस्पृश्यता राज्यघटनेने नष्ट केली आहे. जातीचा प्रश्न संपला असे मात्र आम्ही म्हणत नाही. पण स्नेहसंमेलनाच्या नाचासाठी भाड्याचा पोशाख, सहलीची वर्गणी, निरोप समारंभाची नवी साडी, या मार्गाने तोच प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो. ज्या मुलाला पैसे मागण्याची लाज वाटते, ते घरी काही सांगतच नाही. त्या दिवशी पोट दुखते म्हणून घरी राहते. शिक्षक दयाळू असले तर वर्गणी माफ करतात. परंतु माफीची यादी वर्गात वाचली गेली, तर माफीसुद्धा शिक्षा होते.

यावर उपाय दयेत नाही, असे कोल्हापूर-साताऱ्याचा इतिहास सांगतो. समारंभ आधी ठरवून मग गरिबांची सोय पाहू नये. सर्वांत गरीब मुलाला काय देता येईल ते आधी पाहावे आणि त्यावरून समारंभ ठरवावा. पोशाख घरातलाच असावा, सहल पायी जाता येईल इतकी जवळ असावी, वर्गणी श्रमाची असावी. असे केल्याने संमेलनाची शोभा थोडी कमी होईल, हे आम्ही मान्य करतो. पण पालकांनी आणि शिक्षकांनी संमेलन झाल्यावर टाळ्यांचा हिशेब करण्याआधी हजेरीपट उघडावा आणि त्या दिवशी कोणती मुले गैरहजर होती, ती नावे एकदा वाचावीत.