समुद्रतळावरची रणभूमी वाचणारे इनिस मॅकार्टनी

इनिस मॅकार्टनी हे ब्रिटिश सागरी पुरातत्त्वज्ञ आहेत. बुडालेल्या युद्धनौका आणि पाणबुड्या शोधायच्या, त्यांची ओळख पटवायची आणि युद्धाच्या लेखी नोंदी कितपत खऱ्या आहेत ते तपासायचं, हे त्यांचं काम.

पाणबुडीपासून पीएचडीपर्यंत

१९२५ मध्ये स्वीडिश जहाजाची धडक बसून 'एम १' ही ब्रिटिश पाणबुडी इंग्लिश खाडीत बुडाली. आतले सर्व ६९ जण मरण पावले. १९९९ मध्ये मॅकार्टनी यांच्या डायव्हिंग टीमने ती ७३ मीटर खोलीवर शोधली. पुढे त्यांनी बोर्नमथ विद्यापीठात जर्मन पाणबुड्यांच्या अवशेषांवर पीएचडी केली. कोणती पाणबुडी कुठे बुडाली, याच्या अधिकृत यादीतल्या अनेक नोंदी चुकीच्या असल्याचं त्यातून दिसलं.

जटलंडची लढाई

३१ मे १९१६ रोजी उत्तर समुद्रात ब्रिटन आणि जर्मनीच्या सुमारे २५० युद्धनौका भिडल्या. २५ बुडाल्या, ८,५०० हून अधिक माणसं गेली. 'डिफेन्स' ही ब्रिटिश नौका स्फोटात नष्ट झाली, असं पाहणाऱ्यांना वाटलं होतं. २००१ मध्ये मॅकार्टनी यांची टीम तिच्यापर्यंत पोचली, तेव्हा ती बरीचशी अखंड होती.

ओळख कशी पटते?

मल्टीबीम सोनार समुद्रतळाकडे ध्वनिलहरी सोडतो. त्या परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अवशेषांचा त्रिमितीय नकाशा बनतो. मग लांबी, रचना यांची जुन्या नोंदींशी तुलना होते. बँगोर विद्यापीठाने आयरिश समुद्रात केलेल्या अशा सर्वेक्षणात २७३ अवशेष तपासले गेले. त्यातून २०२२ मध्ये 'मेसाबा' सापडली. टायटॅनिकला हिमनगांचा इशारा देणारं हे जहाज १९१८ मध्ये जर्मन टॉर्पेडोने बुडालं होतं.

पुराव्याचीच चोरी

जटलंडच्या निम्म्याहून अधिक अवशेषांतून भंगारासाठी धातू काढला गेल्याचं मॅकार्टनी यांना आढळलं. चोरांचा डोळा मुख्यतः तांबं आणि कांस्य यांवर असतो. ही सैनिकांची थडगीही आहेत. ब्रिटनचा १९८६ चा कायदा तिथल्या ब्रिटिश नौकांना संरक्षण देतो, पण आंतरराष्ट्रीय समुद्रात तो परदेशी जहाजांना लागू होत नाही. त्यामुळे अवशेष कापले जाण्याआधी त्यांची नोंद करणं, हाही आता मॅकार्टनी यांच्या कामाचा मोठा भाग आहे.