तळटीप १७ : ‘नियमात बसणारी मदत’

१७. नवीन पनवेलहून खोपोलीकडे जाणारा हा रस्ता म्हणजे जुना मुंबई–पुणे महामार्ग. मुंबई–पुणे सायकल शर्यत याच वाटेने बोरघाट चढते. घाटात पहिला येणारा ‘घाटाचा राजा’. खोपोलीपर्यंतच्या सपाटीवर पुढच्याच्या मागच्या चाकाला हातभर अंतर ठेवून चिकटले की वारा तो खातो, आपले पाय वाचतात. यात लबाडी काही नाही. मोटारीचा आडोसा घेतला तर मात्र शिक्षा. घाटात वेग पडतो आणि वजन नडते. तरी आंतरराष्ट्रीय नियमाने सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. कॅफीन २००४ पासून बंदीच्या यादीत नाही. ट्रामाडोल ही वेदनाशामक गोळी मात्र आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने २०१९ मध्ये आणि ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२४ मध्ये बंद केली. उंचीवरच्या सरावासाठी साधारण दोन हजार मीटर लागतात. आपले कळसूबाईच १,६४६ मीटर, म्हणजे उटी तरी गाठायला हवी. उकाड्यातल्या सरावाने रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटून अंग थंड राहते. परदेशी संघ त्यासाठी तापवलेल्या खोल्या वापरतात. पनवेलकरांना मे महिना पुरतो.