‘पासमलर’ (१९६१) : भगिनीप्रेम, भांडवल आणि नातेव्यवस्था

तमिळ चित्रपटाच्या इतिहासात १९६१ हे वर्ष दिग्दर्शक ए. भीमसिंह यांचे मानावे लागते. ‘पावमन्निप्पु’, ‘पासमलर’ आणि ‘पालुम पळमुम’ हे त्यांचे तीन कौटुंबिक चित्रपट त्या एकाच वर्षी प्रदर्शित झाले. तिन्हींचे नायक शिवाजी गणेशन होते. (अण्णादुराई यांच्या नाटकात छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका वठविल्यामुळे पेरियार यांनी या नटास हे नाव दिले, हे येथे सहज नमूद करावेसे वाटते.) यांपैकी ‘पासमलर’, म्हणजे मायेचे फूल, याची ओळख भावाबहिणीच्या प्रेमाची अश्रुपूर्ण कथा अशीच रूढ आहे. ती चुकीची नाही, परंतु अपुरी आहे.

राजू आणि राधा ही अनाथ भावंडे. राजू कारखान्यात मजूर असतो. तो कारखाना बंद पडतो, तेव्हा घरी खेळणी बनवून साठविलेले एक हजार रुपये राधा त्याच्या हाती ठेवते. त्या रकमेवर उभ्या राहिलेल्या उद्योगातून राजू श्रीमंत होतो आणि त्याचा जुना सहकारी आनंद त्याच्याकडे नोकरीस राहतो. पुढे आनंद आणि राधा यांचे प्रेम, कामगारांचा संप, विवाह, आनंदच्या आत्येची कारस्थाने आणि अखेर दोघा भावंडांचा मृत्यू असा कथाक्रम आहे. संपाच्या प्रसंगी प्रियकर कामगारांच्या बाजूला आणि भाऊ मालकाच्या जागी उभा असतो. राधा भावाची बाजू घेते. ज्या भांडवलाच्या रक्षणासाठी ती आपल्या प्रेमावर पाणी सोडू पाहते, त्याचे बीज तिच्याच श्रमातून आलेले आहे, या गोष्टीकडे समीक्षकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे होते.

चित्रपट राधेच्या हजार रुपयांकडे माया म्हणून पाहतो, भागीदारी म्हणून नव्हे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ मध्ये संमत होऊन तेव्हा पाचच वर्षे झाली होती. त्यानेही मुलीला जन्मतः सहदायादाचा हक्क दिला नव्हता. तो तमिळनाडूत १९८९ मध्ये, महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने आला. अर्थात या सर्व दुरुस्त्या एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेविषयी आहेत. राजूची संपत्ती स्वकष्टार्जित ठरते, आणि ‘स्वकष्ट’ या शब्दात बहिणीचे कष्ट दिसेनासे होतात.

या दृष्टीने कण्णदासन यांनी लिहिलेले आणि विश्वनाथन–राममूर्ती यांनी संगीतबद्ध केलेले अंगाईगीत विशेष विचारणीय आहे. दुरावलेली भावंडे आपापल्या अपत्यास जोजवीत असतात आणि गीतात मामाने आणावयाच्या भेटवस्तूंचा व सोयरिकीचा उल्लेख येतो. तमिळ नातेव्यवस्थेत मामाचा मान केवळ भावनिक नाही. भाचरांच्या संस्कारप्रसंगी ‘सीर’ म्हणजे आहेर नेणे हे त्याचे कर्तव्य असते, आणि आते-मामे भावंडांचा विवाह इष्ट मानला जातो. भावाच्या घरी राहिलेले धन पुढच्या पिढीत बहिणीच्या शाखेशी जोडण्याची ही जुनी वाट होय. कायद्याने जे दिले नाही ते सोयरिकीने परत यावे, अशी अपेक्षा त्या अंगाईत ऐकू येते. मराठी वाचकास ती परकी वाटू नये. इरावती कर्वे यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) या ग्रंथात महाराष्ट्राची गणना मध्यवर्ती पट्ट्यात केली आहे. आपल्याकडे अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची चाल आहे, आत्याची मुलगी मात्र बहुधा वर्ज्य. तमिळ प्रदेशात दोन्ही चालतात.

‘पासमलर’ची तेलुगू आवृत्ती ‘रक्तसंबंधम्’ आणि हिंदी आवृत्ती ‘राखी’ या दोन्ही १९६२ च्या. हिंदी चित्रपटही भीमसिंह यांनीच दिग्दर्शित केला. भावाच्या भूमिकेत अशोक कुमार आणि बहिणीच्या भूमिकेत वहीदा रहमान होत्या. उत्तरेत आते-मामे विवाह सामान्यतः निषिद्ध असल्याने तेथील प्रेक्षकास हे नाते रक्षाबंधनाच्या सणातून ओळखीचे करून द्यावे लागले, असे नावावरून दिसते. राखीत भाऊ बहिणीचा रक्षक ठरतो. मूळ कथेत भावाला उभे करणारी मात्र बहीण आहे.