भोर-वेल्ह्यात पर्यावरणाचा प्रश्न राजकीय कसा झाला

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाचे दोन तालुके. वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात. पश्चिमेला सह्याद्रीची धार, धारेखाली महाड, आणि धारेपासून पूर्वेला उतरत गेलेली खोरी: हिर्डस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद मावळ, मोसे खोरे. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस नीरा, वेळवंडी, गुंजवणी, आंबी आणि मोसे या नद्यांतून पूर्वेच्या कोरड्या मुलखाकडे जातो. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत इथे जंगल, जमीन आणि पाण्यावरून जे वाद झाले, ते बहुतेक याच उताराला धरून झाले. हवामानबदल आणि सह्याद्रीचे रक्षण हा विषयही इथे तापला तो याच उतारावर. तापमानवाढ खोटी आहे असे म्हणत इथे कोणी मते मागितली नाहीत. भांडण होते ते रक्षणाचे ओझे कुणाच्या जमिनीवर पडणार, याचे.

या गोष्टीची सुरुवात भाटघरला होते. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने नीरा खोऱ्यात कालव्याची योजना हाती घेतली. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि त्याला पाणी पुरवण्यासाठी वेळवंडीवर भाटघरला धरण बांधले गेले. ते अपुरे पडू लागल्यावर त्याच्या खालच्या अंगाला आणखी मोठे धरण उभे राहिले. १९२०च्या दशकाच्या अखेरीस ते पूर्ण झाले आणि मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचे नाव त्याला मिळाले. आज त्याचा जलाशय येसाजी कंकांच्या नावाने ओळखला जातो. साडेतेवीस टीएमसीचे (अब्ज घनफुटांचे) हे पाणी डाव्या कालव्याने पुरंदर, बारामती, इंदापूरला आणि उजव्याने फलटण, माळशिरसला जाते. तिकडे ऊस उभा राहिला, साखर कारखाने निघाले, त्यांच्याभोवती सहकारातले राजकारण वाढले. वेळवंड खोऱ्यातली भाताची चांगली खाचरे मात्र पाण्याखाली गेली. शेजारच्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला. मावळातल्या जमिनीच्या मोबदल्यात दुसरीकडची सोय होते, हा विचार तेव्हाच लोकांच्या मनात पक्का रुजला.

स्वातंत्र्यानंतरही पाण्याची दिशा बदलली नाही. भोर संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. आंबी नदीवरचे पानशेत धरण बांधून पूर्ण होत असतानाच १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुणे शहर पाण्याखाली गेले. शहराच्या स्मरणात पानशेत म्हणजे तो पूर. खोऱ्यातल्या लोकांच्या लेखी पानशेत म्हणजे बुडालेली गावे. धरण पुन्हा बांधले गेले, शेजारी मोसे नदीवर वरसगावचे धरण झाले. पुण्याला पाणी देणाऱ्या चार धरणांची मिळून क्षमता सुमारे २९ टीएमसी आहे. त्यातले सुमारे साडेतेवीस टीएमसी या दोन जलाशयांत साठते. पुढे भोरमध्ये नीरा-देवघर आणि वेल्ह्यात गुंजवणी ही धरणे झाली. नीरा-देवघरच्या पाण्यावरून बारामती आणि फलटण-माळशिरस यांच्यात जोराचा वाद झाला. २०१९ मध्ये एका सरकारने बारामती-इंदापूरकडे जाणारे जादा पाणी बंद केले, २०२० मध्ये दुसऱ्याने वाटप पुन्हा बदलले. ज्या डोंगरांवर तो पाऊस पडतो तिथल्या गावांचे नाव त्या भांडणात फारसे निघाले नाही.

धरणांनी जंगलाचे काय केले, हे पुण्याचे परिसंस्थाशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी याच भागात हिंडून पाहिले. वा. द. वर्तक यांच्यासोबत त्यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तो १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. डोंगर, धरणे आणि जंगल यांच्या नात्यावरचा त्यांचा लेख १९७९चा. त्यात दिसणारी साखळी सरळ आहे. खोऱ्याच्या तळाची खाचरे बुडाली. ज्यांनी गाव सोडून दूरच्या पुनर्वसनात जायचे नाकारले ते वर चढावर सरकले आणि वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकवू लागले. पूर्वी एखादा उतार पिकवून झाला की तो बरीच वर्षे पडीक ठेवत, झाडोरा पुन्हा वाढू देत. आता जमीन कमी आणि पोटे तेवढीच, तेव्हा पडीक ठेवण्याची वर्षे घटली. त्याच सुमारास धरणासाठी रस्ते झाले होते. त्या रस्त्यांवरून शहराचे कोळशाचे व्यापारी आत आले आणि मालकी जमिनीवरची झाडे नाममात्र किमतीला तुटून भट्टीत गेली. उघड्या उताराची माती जलाशयात उतरू लागली. धरण, विस्थापन, रस्ता, कोळसा, गाळ या क्रमातला प्रत्येक दुवा शहराच्या गरजेशी बांधलेला आहे. तरी जंगल कुणी तोडले, या प्रश्नाचे ठरलेले उत्तर पुढची कित्येक वर्षे एकच राहिले: डोंगरातला शेतकरी.

त्या उत्तराचा परिणाम राबाच्या प्रश्नात दिसतो. मावळात भाताचे रोप टाकण्याआधी राब भाजतात. उन्हाळ्यात ऐन, किंजळ अशा झाडांच्या फांद्या छाटायच्या, वाफ्यावर शेण, फांद्या, पाला, गवत असे थर रचायचे, वर मातीचा पातळ थर पसरायचा आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवायचे. त्याने तणाचे बी जळते आणि रोप जोमाने वाढते. झाड मुळापासून तुटत नाही, पण खरडले जाते. वनखात्याने या छाटणीवर बंधने घातली. त्याच डोंगरावर ठेकेदाराची तोड कागदोपत्री नियमात बसत होती. एका पिढीने हे डोळ्यांनी पाहिले.

नंतर आला १९७५चा महाराष्ट्र खासगी वने संपादन कायदा. ३० ऑगस्ट १९७५ पासून ‘खासगी वन’ ठरणाऱ्या जमिनी शासनाकडे गेल्या आणि सातबाऱ्यावर तशा नोंदी झाल्या. या नोंदींवरचे दावे पुढे राज्यभर दशकानुदशके चालले. मुंबईतल्या गोदरेजच्या जमिनीचे असेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निकालात काढले. मुंबईच्या कंपनीपाशी तिथवर लढण्याची ताकद होती. डोंगरातल्या कुळाकडे तलाठ्याच्या कार्यालयात हेलपाटे घालण्याइतकीच होती. ‘संवेदनशील क्षेत्र’ हे शब्द पुढे या भागात आले तेव्हा लोकांच्या मनात आधी उभी राहिली ती सातबाऱ्यावरची नोंद.

त्याच काळात दुसरा बदल चालू होता. महाराष्ट्राने १९९६ मध्ये नव्या थंड हवेच्या ठिकाणांसाठी नियम केले आणि वरसगाव जलाशयाच्या काठाने, मुळशी व वेल्हे तालुक्यांच्या डोंगरांत लवासाचा प्रकल्प उभा राहू लागला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये त्याचे काम थांबवले आणि वर्षभराने अटींवर परवानगी दिली. त्या वादाने पर्यावरणाच्या प्रश्नाला पहिल्यांदा उघड पक्षीय रंग चढला: प्रकल्पाला विकास म्हणणारे आणि त्याला नेत्यांचा प्रकल्प म्हणणारे असे तट पडले. लवासासाठी डोंगर कापता येतो, पण आपल्याला राबासाठी फांदी तोडता येत नाही, ही तुलना गावात व्हायला कुणा पुढाऱ्याची गरज नव्हती.

मार्च २०१० मध्ये केंद्राने गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट तज्ज्ञ समिती नेमली. समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला; तो लोकांसमोर आला मे २०१२ मध्ये, तोही माहिती अधिकाराच्या लढाईनंतर. समितीने सगळा घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर केले. अहवाल स्थानिक भाषांत आणावा, ग्रामसभांपुढे ठेवावा आणि सीमा त्यांच्या मतानेच पक्क्या कराव्यात, ही समितीची मुख्य अपेक्षा होती. तसे झाले नाही. मूळ मजकूर लोकांच्या हाती पडण्याआधी अफवा पोचल्या: घर बांधता येणार नाही, विहीर खोदता येणार नाही, जमीन सरकारजमा होईल.

ऑगस्ट २०१२ मध्ये के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला गेला. त्याने एप्रिल २०१३ मध्ये क्षेत्र घटवून घाटाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर, म्हणजे जवळपास ६० हजार चौरस किलोमीटरवर आणले, पण यादी उपग्रहाच्या नकाशावरून गाववार केली. त्याआधारे केंद्राने मार्च २०१४ मध्ये काढलेल्या अधिसूचनेच्या पहिल्या मसुद्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर आले. त्यात भोर-वेल्ह्यातलीही गावे होती. मसुद्यातली बंधने पाहिली तर भीती आणि मजकूर यांतले अंतर कळते. खाणी, दगडाच्या खाणी व वाळूउपसा, नवे औष्णिक वीज प्रकल्प, अतिप्रदूषक उद्योग आणि २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठी बांधकामे यांना मनाई होती. २० हजार चौरस मीटर म्हणजे सव्वादोन लाख चौरस फुटांच्या जवळ. मावळातल्या कुणाचेही घर त्याच्या आसपास जात नाही. जमिनीच्या मालकीला हात लावलेला नव्हता. खरा फटका बसणार होता खाणी आणि खडी क्रशरना आणि डोंगर विकत घेऊन मोठे प्रकल्प आखणाऱ्यांना.

तरीही विरोध खोटा होता असे म्हणता येत नाही. भीतीला इतिहास होता. तो वापरून घेणारेही होते आणि त्यांचा हिशेब वेगळा होता: महामार्गापासून आतवर चालू असलेल्या प्लॉटिंगचा. दोन्ही आवाज एकाच व्यासपीठावरून आल्याने लहान शेतकऱ्याची तक्रार आणि मोठ्या खरेदीदाराचा हितसंबंध एकमेकांत मिसळले. सगळ्या पक्षांच्या स्थानिक नेत्यांना विरोध करणे सोपे गेले, कारण मतदार गावात होते आणि घाट वाचल्याचा लाभ घेणारे बहुतांशी दुसऱ्या मतदारसंघांत. केरळात तर हाच प्रश्न निवडणुकीपर्यंत गेला. २०१४ मध्ये इडुक्कीतून अहवालविरोधी आंदोलनाच्या पाठबळावर खासदार निवडून आला.

हवामानबदलावरून अमेरिकेत पडलेली राजकीय फूट याहून वेगळ्या वाटेने पडली. हवामानशास्त्रज्ञ जेम्स हान्सन यांनी १९८८ मध्ये सिनेटपुढे साक्ष दिली, १९९२ मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी हवामान करारावर सही केली. पुढे तेल-कोळशाच्या उद्योगांचा पैसा आणि पक्षनिष्ठा यांनी विज्ञानालाच वादाचा विषय केले. भारताची भूमिका पहिल्यापासून न्यायाची होती. पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये गरिबाच्या जगण्यासाठीचा धूर आणि श्रीमंताच्या चैनीचा धूर एका मापाने मोजू नये, असे मांडले. देशाने जगापुढे हा युक्तिवाद केला. देशाच्या आत, पुणे आणि पानशेत यांच्यात, तो कुणी लावून पाहिला नाही. बंधन घाला म्हणणारे शहर जलाशयाच्या पाण्यावर जगते, पण डोंगर राखणाऱ्या गावाला त्याबद्दल ठोस मोबदला देणारी योजना कोणत्याही मसुद्याचा गाभा झाली नाही. वाद चिघळण्याचे सर्वांत मोठे कारण हेच.

दरम्यान पाऊस बदलला. पुण्यातल्याच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की मध्य भारतात १९५० पासून व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले, दीडशेहून अधिक माणसे मेली. जुलै २०२१ मध्ये भोरच्या धारेपलीकडे महाड तालुक्यात तळिये गाडले गेले. त्याच पावसात भोर-महाड जोडणारा वरंधा घाट खचून वाहतूक बंद झाली. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याच्या विसर्गाने पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरच्या वस्त्यांत पाणी शिरले. ३० जुलै २०२४ च्या वायनाडच्या दरडीनंतर दुसऱ्याच दिवशीच्या तारखेने केंद्राने सहावा मसुदा काढला. त्याआधीचे मसुदे २०१४, २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२चे. प्रत्येक वेळी हरकती आल्या, राज्यांनी गावे वगळायला सांगितली, मुदत संपली.

गाडगीळांनी सुचवलेला ग्रामसभेचा मार्ग या दोन तालुक्यांत कायद्यानेही अवघड आहे. पुणे जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र आंबेगाव-जुन्नरच्या भागात आहे. भोर-वेल्हे त्याबाहेर असल्याने अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना पेसा कायदा जे अधिकार देतो, ते इथल्या ग्रामसभांना नाहीत. उरतात २००६चा वनहक्क कायदा आणि २००२चा जैवविविधता कायदा. पहिल्याखाली गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले. दुसऱ्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायला हवी आणि आपल्या हद्दीतल्या जिवांची नोंदवही तिने ठेवायची आहे.