आठ रुपयांचे ऋण

कागल येथे नोकरीस असलेले कृष्णराव गोखले १८७९ साली निवर्तले, तेव्हा त्यांचा धाकटा पुत्र गोपाळ बारा-तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली. त्यांतील ८ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या गोपाळास धाडीत. उरलेल्या ७ रुपयांत घर चाले. पुढे कॉलेजच्या खर्चाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा वहिनींनी आपले दागिने पुढे केले. १८८४ साली गोपाळराव एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले.

आता घराचे दिवस पालटतील, ही अपेक्षा स्वाभाविकच होती. परंतु वकिलीची वाट सोडून त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासदत्व स्वीकारले. वेतन मासिक ७५ रुपये. भावाचे पैसे फेडता येतात. त्याने सोडलेले शिक्षण कशाने फेडावे?

१९११ साली गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि त्याच्या खर्चाचा भार सरकार व स्थानिक संस्था यांनी उचलावा असे सुचविले. १९१२ साली ते फेटाळले गेले. एकाच्या विद्येसाठी दुसऱ्याने आपली विद्या सोडावी लागते, हे ज्याने घरीच पाहिले, त्याची ही मागणी होती.