चोरीचं रोप

मनीप्लांट विकत आणायचा नसतो, मागून तर नाहीच नाही. गुपचूप कुठून तरी तोडून आणला तरच घरात भरभराट होते, अशी आपल्याकडे एक पक्की समजूत आहे. गंमत म्हणजे ही वेल मूळची प्रशांत महासागरातल्या मोरेआ या चिमुकल्या बेटावरची. म्हणजे या समजुतीला परंपरेचाही फारसा आधार नाही! तरीही शाळेच्या आवारातलं किंवा कॉलनीच्या बागेतलं गुलाबाचं कलम उचलून नेणारा स्वतःला चोर समजत नाही. 'रोपच तर आहे...' एवढंच म्हणतो.

रोपाची किंमत काय, हा प्रश्न जुनाच आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५-१६ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विचार आहे. (हा मजकूर पुष्कळदा शिवाजी महाराजांचं पत्र म्हणून फिरतो, पण अमात्यांनी तो महाराजांच्या नंतर सुमारे ३५ वर्षांनी लिहिला.) रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, असं ते बजावतात. का? तर ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरासारखी वाढवलेली असतात. अगदीच गरज पडली तर जीर्ण झाड घ्यावं, तेही धन्याला राजी करून आणि पैसे देऊन. इथे झाडाची किंमत लाकडावर नाही, वाढवणाऱ्याच्या वर्षांवर मोजलेली आहे.

इंग्रजांनी १८६० साली दंडसंहिता केली, तिचा हिशेब वेगळा. जमिनीत रुजलेलं झाड ही तिच्या लेखी चोरीची वस्तूच नव्हे. ते जमिनीपासून वेगळं झालं की चोरी. आमचा जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि १९५१ पासून हीच संहिता इकडेही लागू झाली. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्यात एक नवी गोष्ट आहे: चोरीचा माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा.

आता सांगा, रोपवाटिकेतलं रोप कितीचं? फार तर शे-दोनशे रुपयांचं. पण जालन्यात रोप पैशावर जगत नाही, पाण्यावर जगतं. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागाच्या बागा वाळून गेल्या. माणसं टँकरची वाट बघत बसली होती. अशा मुलखात शाळा सुटताना पोरं बाटलीत उरलेलं पाणी रोपाच्या बुंध्याशी ओततात, तेव्हा ते घोट हिशेबात धरायचे की नाही? रोप नेणारा खड्ड्याबरोबर हे सगळं रिकामं करून जातो. परसबागेतलं असेल तर पोरांच्या ताटातली भाजीही नेतो. शिवाय उपटून नेलेलं रोप दुसरीकडे जगेलच असं नाही, ते वेगळंच.

माझ्या हातात असतं तर अशा माणसाला समाजसेवा म्हणून एकच काम दिलं असतं. त्याच जागी नवं रोप लावायचं आणि मार्च ते जून, रोज सकाळी, त्याला पाणी घालायचं. पाणी मात्र घरून आणायचं. मग किंमत आपोआप कळेल.